ग्यानोबाच्या मरणाची पोस्ट

१

"दार उघडलं ते मेलेल्या माणसानंच," गुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

बुधवारची दुपार होती. लातूरला गंजगोलाईच्या मागं, एका भांड्यांच्या दुकानावर 'वळचण'चं ऑफिस आहे. वळचण म्हणजे मराठीत ब्लॉग लिहिण्याची जागा, इंटरनेटवरची. कुणीही लिहावं, कुणीही वाचावं. लिहिलेलं आवडलं तर खाली 'खुशी' नावाचं बटण आहे. ते दाबून वाचणारा दहा, वीस, पन्नास रुपये लिहिणाऱ्याला देऊ शकतो. माझं काम शुद्धलेखन तपासण्याचं. रोजच्या चाळीसेक पोस्ट माझ्या हाताखालून जातात.

गुणाबाई आमच्या वाचक. नांदेडहून आल्या होत्या. वय साठीच्या पुढं, पायात रबरी चप्पल, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाठोड्यात पिठलं-भाकरी होती. ज्या घरात माणूस गेलंय, तिथं बाहेरून भाकरी न्यायची रीत म्हणून त्या सकाळी एसटीनं अहमदपूरला उतरून तनुजाच्या गावी गेल्या होत्या.

तनुजा म्हणजे आमची सगळ्यात जास्त वाचली जाणारी बाई. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा ग्यानोबा ट्रॉलीवरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ती त्याच्याबद्दल, घराबद्दल, शेळीबद्दल लिहिते. रविवारी तिच्या नावावर पोस्ट आली होती, ग्यानोबा गेल्याची.

"चाकाच्या खुर्चीवर बसून दार उघडलं," गुणाबाई म्हणाल्या. "म्या इचारलं, तुमी तनुजाचे कोण? तर म्हणला, नवरा. माझ्या हातात भाकरी. शेजारच्या बाया हसाय लागल्या."

"मग?"

"मग त्याच्या भावानं मोबाइलवर ती पोस्ट काढली अन् मोठ्यानं वाचली. सगळ्यांम्होरं. शेवटाला लिव्हलंय ना, 'हे सुटले. मीही सुटले.' ते ऐकलं अन् त्यानं खुर्ची भिंतीकडं फिरवली. तनुजानं ताट आणलं, ते परत धाडलं. ती रडून सांगून राहिली, म्या न्हाई लिव्हलं. त्यो ऐकंना. भावाला म्हणला, शुक्रवारी जीप आण. देवणीला बहिणीकडं जातो. कायमचा."

त्यांनी गाठोडं टेबलावर ठेवलं.

"माझे खुशीचे पैसे मागाय न्हाई आले मी. भाकरी घेऊन मी गेले. मी गेले नसते तर त्याला कळलं बी नसतं. कोण लिव्हलं तेवढं सांगा."

शुक्रवारला एक दिवस मधे होता.

२

वळचण चालवणारा मन्मथ तिशीतला, धावपळ्या. त्यानं गुणाबाईंना चहा दिला आणि मला खिडकीपाशी घेतलं.

"अक्का, तुम्हीच विचारा सगळ्यांना. तुमच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही."

"कुणाकुणाला विचारायचं?"

"तनुजाच्या नावावर लिहू शकणारे चारच. ती स्वतः. तिचा दीर रामलिंग, मोबाइल बहुतेक त्याच्याकडंच असतो. मी, कारण सगळ्या चाव्या माझ्याकडं. आणि सुकन्या."

सुकन्या आमच्याकडची टायपिस्ट. तनुजाला लिहायला सवड नसते. ती मोबाइलवर बोलून पाठवते, सुकन्या ते ऐकून टाइप करते आणि मग पोस्ट पडते. रविवारची पोस्ट मात्र सुट्टीच्या दिवशी, माझ्याकडं न येता थेट पडली होती.

मी ती आठ वेळा वाचली.

'हे गेले. आज तिसरा दिवस. भाऊजी राख सावडून आले. अग्नी दिला तेव्हा मी रडले नाही, आता लोक काय म्हणतील ते म्हणोत. संध्याकाळी नेहमीसारखा देवापुढं दिवा लावला, फूल वाहिलं. मग यांच्या औषधाच्या डब्या धुऊन पालथ्या घातल्या. सकाळी सहाची गोळी, दुपारी दोनची, रात्री नऊची. आता घड्याळाकडं बघायचं काम उरलं नाही. हे सुटले. मीही सुटले.'

काही खटकलं नाही. डब्यांचं वाक्य वाचताना माझा हात थोडा थांबला, एवढंच.

३

रामलिंगला फोन लावला.

"मी कशाला माझ्या भावाला मारू?" तो सुरुवातीलाच तडकला. "खुशीचे पैसे वैनीच्या खात्यावर येत्यात. हाव, मोबाइल माझ्याकडं असतो. पण मला दोन ओळी लिव्हाय तास लागतो. इचारा शाळंतल्या मास्तराला."

"मग सगळ्यांपुढं मोठ्यानं का वाचली?"

त्याचा आवाज उतरला.

"चुकलं ते. राग आला व्हता वैनीचा. मला वाटलं तिनंच लिव्हलं. अजून बी वाटतं."

मन्मथला विचारलं. तो खुर्चीत मागं टेकला.

"माझ्यावर शंका येणारच. खुशीतला दहावा भाग वळचणला येतो. आणि अक्का, खोटं कशाला बोलू, रडणं चालतं. नऊ हजार लोकांनी वाचली ती पोस्ट. हसऱ्या पोस्टला नऊशे येत नाहीत. पण रविवारी मी उदगीरला लग्नात होतो, वाढपी म्हणून. दोन हातांत दोन बादल्या."

"आणि तुला काय वाटतं?"

"तनुजाच. बाई दोन वर्षं सोसतीय. आलं असंल मनात, टाकलं असंल लिहून."

सुकन्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिशीची, निलंग्याची, इथं खोली घेऊन राहते. गेल्या बुधवारपासून तीन दिवस गावाकडं काम आहे म्हणून गेली होती. शनिवारी परत कामावर आली.

"रविवारी कुठं होतीस गं?"

"खोलीवर."

"तनुजाचं काही रेकॉर्ड आलं होतं?"

"नाही अक्का. शेवटचं आलं ते मागच्या सोमवारी. शेळी व्याली त्याचं." तिनं हेडफोन काढलेही नाहीत. "मी जाऊ का पुढं? सतरा पोस्ट पडल्यात."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मला तो नेहमीसारखा वाटला, असं म्हणते.

४

गुणाबाई माझ्याच घरी मुक्कामाला राहिल्या. गुरुवारी सकाळी मी अंघोळ करून लिंगपूजेला बसले. पूजा झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. मधेच फोन वाजला, जावेचा होता. सोमवारी माझे चुलत दीर लिंगैक्य झाले, त्यांच्या घरी कधी जायचं म्हणून विचारत होती. मी उत्तर दिलं आणि परत तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटले.

पूजा आटोपली तेव्हा गुणाबाई दारात उभ्या होत्या.

"बाई, एक इचारू? राग नका मानू. तुमाला सूतक हाय ना? दीर गेलाय म्हणलात फोनवर."

"आमच्यात सूतक धरत नाहीत मावशी. गळ्यातलं लिंग उतरत नाही, तशी पूजाही थांबत नाही. घरात माणूस गेलेलं असलं तरी."

"असं हाय व्हय. आमच्यात दहा दिवस देव झाकून ठेवत्यात. दिव्याला हात लावीत न्हाईत." त्यांनी पदर सावरला. "माझी लेक गेली तवा त्या अंधारल्या देवघराकडं बघवत नव्हतं."

मी विभूतीचा डबा बंद करत होते. तो हातातच राहिला.

"मावशी, तनुजाच्या पोस्टमधे तिसऱ्या दिवशी दिवा लावल्याचं आहे."

"हाव की. म्या वाचलं तवा वाटलं, दुःखात भान राहिलं नसंल बिचारीला. मग नव्या लोकांचं काय म्हणावं, म्हणून सोडून दिलं."

आठ वेळा वाचून मला ते दिसलं नव्हतं, कारण माझ्या घरात ते रोजचं आहे. ज्यानं लिहिलं त्यालाही म्हणूनच दिसलं नाही. त्यानं अग्नी आठवणीनं घातला, राख सावडायलाही दीर पाठवला. आमच्यात तर पुरतात, म्हणजे तेवढं त्यानं जाणून बदललं होतं. दिवा बदलायचा असतो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तनुजा आणि रामलिंग मराठ्यांच्या घरातले. सुतकाच्या घरात दिवा लावल्याचं त्यांच्या हातून लिहून होणार नाही.

लिंगायत घरातली माणसं उरली तीन. मन्मथ, सुकन्या आणि मी. पण तनुजाच्या नावावर लिहिण्याची चावी माझ्याकडं नाही.

५

ऑफिसला निघण्याआधी मी तनुजाला फोन केला. रामलिंगनं तिच्याकडं दिला.

"ताई, एकच विचारते. पोस्टखाली लोक लिहितात, त्यांना तुम्ही उत्तरं देता ना, ती कधी देता?"

"उत्तरं?" ती म्हणाली. "लोक खाली लिव्हत्यात ते ठाऊक हाय. उत्तरं मी कवाच दिली न्हाईत. सुरुवातीला त्या टायपिंगवाल्या ताईला म्हणले व्हते, तुमीच काय ते बघा, मला कुठं सवड हाय. पुढं इसरूनच गेले."

मी गुणाबाईंकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं.

ऑफिसात मन्मथला म्हटलं, मला तनुजाच्या खुशीचे आकडे वेळेसकट दाखव. त्यानं पडद्यावर काढून दिले. आम्ही दोघं तासभर बघत बसलो.

पोस्ट पडली की लोक वाचत होते, पण खुशी देत नव्हते. खुशी येत होती ती खाली लिहिणाऱ्याला नाव घेऊन उत्तर गेलं की, त्यानंतर पाच-दहा मिनिटांत. सगळ्यात जास्त खुशी मिळालेली पोस्ट शर्टाचं बटण लावण्याची होती. तिच्यात रडणं नव्हतं. त्या पोस्टखाली दोनशे तीन जणांना उत्तरं गेली होती. देगलूरच्या कुणाला गुडघा कसा आहे म्हणून विचारलेलं, एका मास्तरांना नात पास झाली का म्हणून.

"म्हणजे रडण्याला नाही देत लोक?" मन्मथ म्हणाला.

"रडणं वाचतात. देतात ते कुणीतरी बोललं की."

"मला हे माहीतच नव्हतं, अक्का."

नव्हतंच. म्हणून तो सुटला. रविवारच्या पोस्टखाली तीनशे बारा जणांनी लिहिलं होतं आणि तीनशे बाराही जणांना उत्तर गेलं होतं. खुशी देणाऱ्यांना आणि न देणाऱ्यांनाही, ज्या क्रमानं आले त्या क्रमानं. पैशासाठी खोटं लिहिणारा माणूस फुकट वाचणाऱ्यांसाठी दिवसभर बसत नाही. शिवाय रविवारी मन्मथच्या हातात बादल्या होत्या.

गुणाबाईंना गेलेलं उत्तर असं होतं: 'मावशी, तुमच्या लेकीच्या वेळी तुम्ही आठ दिवस जेवला नव्हता. मी जेवले. मला लाज वाटते.'

आता एकच गोष्ट कळत नव्हती. खुशी तनुजाच्या खात्यावर जाते. सुकन्याला यातून काय मिळालं?

मी वळचणच्या शोधात 'औषधाच्या डब्या' हे शब्द टाकले. दोन पोस्ट आल्या. एक तनुजाच्या नावावरची. दुसरी शुक्रवारची, म्हणजे दोन दिवस आधीची, 'निलंग्याची वही' नावाच्या ब्लॉगवरची. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

'अप्पा लिंगैक्य झाले. आज तिसरा दिवस. बसवून माती दिली तेव्हा मी रडले नाही, आता लोक काय म्हणतील ते म्हणोत. संध्याकाळी नेहमीसारखा देवापुढं दिवा लावला, फूल वाहिलं. मग अप्पांच्या औषधाच्या डब्या धुऊन पालथ्या घातल्या...'

शेवटपर्यंत तेच. वाचणारे अकरा. खाली कुणी काही लिहिलेलं नाही. कोपऱ्यात शुद्धलेखन तपासल्याची हिरवी खूण होती, माझी. शुक्रवारी मी त्यात दोन वेलांट्या दुरुस्त करून पुढं सरकले होते.

सुकन्या शेजारीच टाइप करत होती. मी तिच्या टेबलावर हात ठेवला.

"अप्पा कशानं गेले गं?"

तिची बोटं थांबली. तिनं हेडफोन काढून ठेवले.

"सहा वर्षं अंथरुणात होते. रविवारी मी जायची, बाकी दिवस आई."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही." तक्रार केल्यासारखं नव्हतं ते. वार सांगावा तसं सांगितलं तिनं. "वहीत लिहिलं. दोन दिवस बघत होते. कुणी काही बोलेना. मग मला वाटलं, तनुजाच्या खाली जी माणसं येतात, त्यांना मी ओळखते. दोन वर्षं मीच बोलते त्यांच्याशी. गुणाबाईंच्या लेकीचं नाव मला माहीत आहे. ती माणसं माझी आहेत, असं वाटलं."

"मग अप्पाच लिहायचं. नवऱ्याला कशाला मारलंस?"

"तनुजाचे वडील पाच वर्षांपूर्वी गेलेत, ते पोस्टमधे येऊन गेलंय. सासूसासरे आधीच. दुसरं कुणी उरलं नव्हतं, अक्का."

गुणाबाई बाकावर बसल्या होत्या. त्या उठून आल्या आणि सुकन्यापुढं उभ्या राहिल्या. मला वाटलं, बोलतील काहीतरी, शिव्याही देतील.

"माझा गुडघा दुखतो तर तीळतेल लाव म्हणून तूच सांगितलं व्हतंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं." त्या परत जाऊन बसल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं अहमदपूरला चल."

६

शुक्रवारी साडेनऊला आम्ही तिघी तनुजाच्या दारात पोचलो. जीप आधीच येऊन उभी होती. मागच्या सीटवर गादी टाकलेली, टपावर घडी घालून ठेवायची खाट बांधलेली. रामलिंग दोर ताणत होता.

ग्यानोबा ओट्यावर खुर्चीत बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. तनुजा उंबऱ्याच्या आत उभी होती, बारीक अंगाची. तिचा आवाज मी फोनवर ऐकला होता. पोस्टमधल्या हसऱ्या बाईशी तो कुठंच जुळत नव्हता.

मी काय ते बोलणार होते, पण सुकन्या पुढं गेली.

"दादा, ती पोस्ट मी लिहिली. तनुजाताईंना त्यातलं काही माहीत नव्हतं."

"तू कोण?"

तिनं सांगितलं. टायपिंगचं, उत्तरांचं, अप्पांचं, सगळं. आवाज न चढवता, न रडता. मग मोबाइल काढून 'निलंग्याची वही' मधली पोस्ट वाचून दाखवली, जशी होती तशी, माझ्या दुरुस्त केलेल्या वेलांट्यांसकट. अप्पा, माती, दिवा, डब्या. रामलिंगनं दोर सोडला आणि जवळ येऊन ऐकत राहिला.

वाचून झाल्यावर ग्यानोबा म्हणाला, "शेवटचं परत वाच."

"अप्पा सुटले. मीही सुटले."

"हे तुझं?"

"माझं."

"तनुजाचं न्हाई?"

"नाही. त्यांची दोन वर्षांची सगळी रेकॉर्ड माझ्याकडं आहेत. असं एकदाही बोलल्या नाहीत त्या. पाहिजे तर सगळी ऐकवते."

"मी दीर असून बोललो तिला," रामलिंग मधेच म्हणाला, कुणाकडं न बघता.

ग्यानोबानं खुर्ची वळवली. चाकाखाली खडा आला, दोनदा रेटावी लागली. आता तो उंबऱ्याकडं तोंड करून होता.

"तनुजा, माझं चुकलं. तू लिव्हलं न्हाईस."

एवढ्यावर हे संपेल असं मला वाटलं. रामलिंग खाट सोडायलाही वळला. पण तनुजा जागची हलली नाही.

"न्हाई लिव्हलं," ती म्हणाली. "पण तसं कधी वाटलंच न्हाई असं कसं सांगू? मागल्या उन्हाळ्यात तुमच्या पाठीला जखमा झाल्या व्हत्या, तवा वाटलं व्हतं. एकदा न्हाई, लई डाव. लिव्हलं न्हाई एवढंच."

शेजारची बाई भिंतीवरून डोकावत होती, ती खाली बसली. सुकन्यानं माझा पदर धरला होता, कधी धरला ते मला कळलं नाही.

ग्यानोबानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. ज्या मांडीला काही कळत नाही, तिच्यावर.

"मला बी वाटतं," तो म्हणाला. "रोज वाटतं. तू सुटावीस असं."

तनुजा उंबरा ओलांडून बाहेर आली आणि ओट्यावर त्याच्या खुर्चीशेजारी बसली. तिनं आपले तळहात उलटे करून पाहिले, जसं कुणी काम संपल्यावर पाहतं.

"रामलिंग," थोड्या वेळानं ग्यानोबा म्हणाला, "जीपवाल्याला यायजायचं भाडं दे अन् पाठव त्याला. देवणीला फोन करून सांग, येत न्हाई म्हणून."